सौजन्याच्या कारणास्तव नामंजूर

सिल्वासाजवळ सामरवरणी येथे राहणाऱ्या ललित सोनवणे या विवाहित इसमाचं आपल्या बायकोवर प्रेम होतं आणि ते त्याने कोणापासून लपवलं नव्हतं. पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला.

बायकोचं नाव लान. ती व्हिएतनामची. जवळच्याच सायली गावातल्या एका कारखान्यात नव्या मशीनचं ट्रेनिंग द्यायला आली होती. मशीन सारखं बंद पडायचं, शिरपूरहून नोकरीला आलेला ललित ते तिच्याबरोबर दुरुस्त करायचा, आणि मशीन सुरळीत होईपर्यंत दोघांचं लग्न ठरलं होतं. रीतसर नोंदणी झाली, शिरपूरला हळद लागली, ललितच्या आईने, म्हणजे कमळाबाईंनी, सुनेला खापरावरचे मांडे शिकवले. आता लानच्या व्हिसाची मुदत संपत आली होती आणि राहायचं कोणत्या देशात, हे ठरवायचं होतं.

ललितने तिच्या देशात जावं, तर तिथे नोकरीशिवाय परवानगी नाही आणि परवानगीशिवाय नोकरी नाही. दोघांनी तिसऱ्याच देशात जावं, तर त्या देशाने नम्रपणे कळवलं की आधी आपापल्या देशात एकत्र राहून दाखवा. उरलं सिल्वासा. इथे मुदतवाढीसाठी लग्न खरं असल्याची व्हिसा कचेरीला खात्री तेवढी पटायला हवी होती. ललितला हसूच आलं. एवढंच ना?

खात्री करून घ्यायला कचेरीतून रमाकांत दळवी आले. माणूस मूळचा सावंतवाडीचा. खोटं लग्न त्यांना उंबरठ्यावरूनच ओळखू येतं, असा त्यांचा कचेरीत लौकिक होता. ललितने चहा आणला. दळवींनी पेन काढलं.

"चहा केला कोणी?"

"मी."

"आज मी येणार म्हणून?"

"नाही साहेब, रोजच करतो. हिला माझ्या हातचा आवडतो."

दळवींनी भुवया वर करून काहीतरी लिहिलं. मग लानचा वाढदिवस विचारला. ललितने तो सांगितला. तिच्या चपलेचं मापही सांगितलं. तिला कारलं आवडतं, वांग्याने अंगाला खाज सुटते, हे तर न विचारताच सांगून टाकलं. दळवींचा चेहरा पडत गेला.

"शेवटचं भांडण कधी झालं?"

लानचं मराठी सासूकडून आलेलं होतं. ती म्हणाली, "भांडण कशाले? काही झालं तं आम्ही बोली घेतो ना."

"बोलता?" दळवींनी पेनाला टोपण लावलं. "सोनवणे, माझाही संसार आहे. मला शिकवू नका. एवढी माहिती पाठ लागते ती परीक्षेला. संसाराला नाही लागत."

आठवड्याभरात निकाल आला. 'उभयता परस्परांशी अकारण सौजन्याने वागतात. पती हा पत्नीचे बोलणे पूर्ण होईपर्यंत ऐकून घेतो. सबब विवाह केवळ व्हिसाकरिता झाल्याचा दाट संशय आहे. फेरतपासणीत सुधारणा न आढळल्यास पत्नीने देश सोडावा.'

ललित तो कागद घेऊन शेजारच्या दत्तात्रय गुरुजींकडे धावला. गुरुजी शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी चष्मा पुसून कागद वाचला आणि ते म्हणाले, "अर्ज ठीक आहे. दोष तुमच्यात आहे."

गुरुजी आणि लीलाताई यांचा संसार कचेरीच्या दृष्टीने आदर्श होता. लीलाताई कुकरकडे बघून म्हणायच्या, "गॅस संपलाय, कोणाला कळलं तर बरं होईल." गुरुजी वर्तमानपत्राला उत्तर द्यायचे, "ऐकलंय." शेजारधर्म म्हणून दोघांनी शिकवणी घ्यायचं कबूल केलं.

ललितला 'हं' म्हणायला शिकवण्यात आलं. "असं नाही," गुरुजी करवादायचे, "तुझ्या हंमध्ये आस्था येते. मोबाइलमध्ये बघ आणि म्हण." इकडे लीलाताईंनी लानला रुसायला बसवलं.

"कोणी विचारलं काय झालं, तर म्हणायचं, काही नाही. आणि डबा आपटायचा."

"पण खरंच काही नसलं तं?"

"शोधायचं. सासूने काहीतरी केलंच असेल."

"आईंनी मला मांडे शिकवले."

"बघ! मांडेच का शिकवले? राबवून घ्यायलाच ना?"

हे लानच्या कधी मनातच आलं नव्हतं. आता आलं.

सुरुवातीला शिकवणी सुटली की दोघं घरी येऊन खो खो हसायची. मग गुरुजींनी घरचा अभ्यास वाढवला आणि हसणं मागे पडलं. सवय वाईट. एका संध्याकाळी लान फोन ठेवून ललितजवळ आली. "आई पडली माझी," ती म्हणाली, "दवाखान्यात आहे." ललित मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "हं." ती आत गेली. तिने डबा आपटला नाही.

फेरतपासणीला दळवी आले, तेव्हा ललितने मान वर केली नाही. त्याला भीती वाटत होती की आपण चुकून गोड बोलू आणि लान जाईल. दळवींनी लानला विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि लीलाताईंनी शिकवलेलं नसतानाही तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"का रडते ही?"

"माहीत नाही," ललित म्हणाला. तो खरं बोलत होता.

दळवी गहिवरले. "आता कसं घर वाटतंय!" त्यांनी ललितच्या पाठीवर थाप मारली. "आपल्यातलेच झालात की हो."

मुदतवाढ मिळाली. ललित पेढे घेऊन धावत घरी आला, तर लान बॅग भरत होती.

"अगं, आता कुठे जायची गरज नाही! मिळाली परवानगी."

"आईकडे जाते."

"आईला काय झालं?"

लानने त्याच्याकडे नुसतं बघितलं. ललितला ती संध्याकाळ आठवली आणि पेढ्यांचा बॉक्स कुठे ठेवावा, हे त्याला सुचेना.

"परत कधी येशील?" त्याने विचारलं.

तिने बॅगेची चेन लावली. तिला सिल्वासात राहायला आता सरकारची काहीच हरकत नव्हती.

असला प्रसंग तुमच्यावर येण्याची शक्यता नाही. तुम्ही दोघं एकाच देशाचे. तुमचं लग्न खरं आहे का, हे विचारायला कोण येतंय? आणि समजा आलंच कोणी, तरी घाबरू नका. तुम्ही पहिल्याच फेरीत पास व्हाल.