तीन काचांची मधपेटी

पेटीला खिडकी बसवायची, हे विदमंतसनं एका सोमवारी दात घासता घासता ठरवलं. आता माणसानं दात घासताना काय वाटेल ते ठरवावं आणि चूळ भरली की विसरून जावं. पण आमच्या विदमंतसचं तसं नाही. तो सतरा वर्षं लिथुआनियातल्या उतेना गावच्या खिडक्यांच्या कारखान्यात मापं घ्यायच्या कामावर आहे. गावातल्या निम्म्या घरांच्या खिडक्या त्यानंच बसवल्यात, आणि कुणाकडेही गेला की बसायच्या आधी खिडकी उघडून-मिटून बघतो. (एकदा मयताच्या घरीही बघितली होती. "बिजागरी कुरकुरतेय हो," असं बिचाऱ्या विधवेच्या कानात हळूच सांगितलंही होतं.) अशा माणसाच्या अंगणात मधमाश्यांची पेटी असावी आणि तिला खिडकी नसावी, हे त्याला बघवेना.

पण हे झालं वरवरचं. खरं कारण म्हणजे सासरे.

सासरे झेनोनस नदीपलीकडच्या गावात राहतात. चाळीस पेट्यांचे धनी. जूनमध्ये त्यांच्या एका पेटीतून थवा उठला, नदी ओलांडून आला आणि नेमका विदमंतसच्या सफरचंदाच्या झाडावर बसला. आमच्याकडे माश्या कुणी विकत नाही, कुणी विकत घेत नाही, आणि घरी आलेल्या थव्याला कुणी परत पाठवत नाही. ज्याच्याकडून उठला आणि ज्याच्याकडे बसला, ते दोघं एकमेकांचे 'बिचुलिस' होतात. माश्यांनी जोडलेले सोयरे म्हणा. सख्ख्या भावापेक्षा काकणभर जास्तच. विदमंतसला तर आभाळ ठेंगणं झालं. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी सासरे त्याला "अहो खिडकीवाले" अशीच हाक मारत होते.

सासरे आले, थवा बघितला, टोपी मागे सरकवली.

"माश्या झाडावर बसल्यात. झाडाचं कौतुक आहे. तुमचं बघू पुढे."

"म्हणजे, बाबा?"

"म्हणजे हिवाळा जाऊ दे. तुमच्या हातात त्या हिवाळा काढून जिवंत निघाल्या, तर मी स्वतः तुम्हाला बिचुलिस म्हणेन. तोवर, खिडकीवाले, पेटीला छप्पर नीट घाला."

त्या दिवसापासून दर रविवारी सासऱ्यांचा फोन. "काय म्हणतात माश्या?" विदमंतस म्हणायचा, "मजेत आहेत." "कशावरून?" इथं विदमंतसची गाडी अडायची. उन्हाळ्यात झाकण काढून बघता तरी येतं. पण थंडीत पेटी उघडली की आतली ऊब गेली, आणि ऊब गेली की माश्या गेल्या. "भिंतीला कान लावा की!" सासरे ओरडायचे. विदमंतसनं कान लावून बघितला होता. त्याला फक्त स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू आली होती.

म्हणून खिडकी. न उघडता दिसलं पाहिजे.

"वेडा झालास का?" ग्राझिना म्हणाली. ग्राझिना त्याची बायको, झेनोनसची मुलगी. पाळण्यातसुद्धा माश्यांची गुणगुण ऐकत झोपलेली. "बाहेर शून्याच्या वीस अंश खाली जातं. लाकडाची भिंत काढून तिथं काच लावणार?"

"साधी काच नाही गं. तीन पदरी. मधे वायू भरलेला. आपल्या झोपायच्या खोलीला आहे ना, त्याच्याहून भारी."

"मग माश्यांना घे खोलीत. मी पेटीत झोपते."

पण सप्टेंबरातल्या एका ऊबदार दुपारी विदमंतसनं पेटीची एक बाजू काढून खिडकीची नवी बाजू बसवलीच. (त्यात अकरा डंख खाल्ले. नाक दोन दिवस बटाट्याएवढं झालं होतं, पण त्या नाकानंच तो फटी तपासत होता.) रबराची पट्टी चारी बाजूंनी. माप असं की केस जायला जागा नाही. ग्राझिनानं जुन्या लोकरी बुटांचे तळवे कापून, आत भरून, खिडकीवर लावायला जाडजूड झडप करून दिली.

"बघून झालं की झडप बंद. दिवसातून एकदाच बघायचं. कळलं?"

"कळलं, कळलं."

काही कळलं नव्हतं. स्वतः बसवलेली खिडकी झाकून ठेवायची हे त्याच्या रक्तातच नव्हतं. झडप काढून त्यानं पेटीशेजारी ठेवली आणि दोन दिवसांनी तिच्यावर बसायला लागला.

मग काय विचारता! सगळ्या गावाला आमंत्रण. टपालवाला आला, त्याला दाखवली. पाद्रीबाबा आले, त्यांना दाखवली. शेजारच्या ब्रोनेकाकूंना तर हात धरून ओढत आणलं.

"दिसतंय का, काकू?"

"दिसतंय ना. माझंच तोंड दिसतंय."

"अहो, जरा तिरकं बघा! त्या बघा, पोळ्यावर कशा चालतायत. लिथुआनियात अशी तीन पदरी पेटी दुसरीकडे कुठे नसेल."

"नसेलच रे बाबा," काकू म्हणाल्या. "बाकीच्यांना कामं असतात."

ऑक्टोबरभर त्याचा आनंद पोटात मावत नव्हता. कामावरून आला की आधी पेटी, मग बायको. रविवारी सासऱ्यांना फोनवर धावतं वर्णन: आता एक डावीकडून उजवीकडे गेली, आता दोघी तोंडाला तोंड लावून काही देतायत. सासरे नुसते हुंकार भरायचे. नोव्हेंबरात माश्या गोळा होऊन बसल्या आणि तो गोळा दिवसेंदिवस काचेपासून लांब सरकायला लागला. डिसेंबरात काचेवर आतून घाम धरला. जानेवारीत त्या घामाचा बर्फ झाला आणि काचेवर पांढरी नक्षी उमटली. विदमंतसनं तिचेही फोटो काढले.

मार्चचा पहिला शनिवार उजाडला. रात्रीतून वारं फिरून थंडी जरा मोडली होती, काच स्वच्छ झाली होती. विदमंतस कॉफीचा कप घेऊन पेटीजवळ गेला, वाकला, आणि कप तिथंच बर्फात पडला.

आत पोळी रिकामी होती. एक माशी नाही. तळाशी शंभर-दीडशे मेलेल्या माश्यांचा ढीग.

त्यानं काचेवर टिचकी मारली. काही नाही. मग गुडघ्यांवर बसून काचेला कान लावला. श्वास धरून ऐकलं. आत स्मशानशांतता. (ही तीच तीन पदरी काच. "दारातून ट्रक गेला तरी पाळण्यातलं बाळ जागं होत नाही," असं गिऱ्हाइकांना सांगून हा गृहस्थ सतरा वर्षं विकत होता. पण दुःखात माणसाला सुचत नाही.)

तो घरात गेला तेव्हा ग्राझिनाला त्याच्या तोंडावरूनच कळलं.

"झडप बंद ठेवत होतास ना?" तिनं विचारलं.

विदमंतस बुटाला चिकटलेला बर्फ झटकायला लागला.  ग्राझिना नुसती तोंड फिरवून चुलीपाशी गेली आणि एप्रनला नाक पुसत राहिली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. माश्या तिच्या माहेरच्या होत्या.

मग त्यानं फोन उचलला. आमच्याकडे गाय मरते, कोंबडी मरते. पण मधमाशीला तसं म्हणत नाहीत. तिच्यासाठी माणसाचाच शब्द.

"बाबा, माश्या वारल्या."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"येतो," झेनोनस म्हणाले. "मी आल्याशिवाय पुरू नका."

कुंपणापलीकडे ब्रोनेकाकू कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. त्यांनी उघड्या दारातून सगळं ऐकलं आणि टोपली तिथंच ठेवली. तासाभरात गावात बातमी झाली, आणि दुपारी बाराच्या सुमाराला विदमंतसच्या अंगणात नऊ माणसं काळे कोट घालून उभी होती. माश्यांच्या मयताचं जेवण घालायची पद्धत आमच्याकडे नाही. पण रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून कुणी राईचा काळा पाव आणला, कुणी धुरावलेलं डुकराचं मांस, आणि काकूंनी किसलेल्या बटाट्याचा भाजलेला अख्खा कुगेलिस, वर साय घालून. टपालवाल्यानं सफरचंदाखालची गोठलेली जमीन पहारीनं फोडून हातभर खड्डा केला.

"चांगल्या होत्या हो," काकू म्हणाल्या. "मला एकदाही चावल्या नाहीत."

"मला अकरा वेळा," विदमंतस म्हणाला आणि त्यानं नाक चाचपलं. "पण निदान शेवटपर्यंत नजरेसमोर होत्या, काकू. खिडकी होती म्हणून."

ग्राझिनानं त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला.

तेवढ्यात झेनोनस आले. काळा ओव्हरकोट, अंत्ययात्रेची टोपी.  खड्डा बघितला, उघडी काच बघितली, बाजूला पडलेली झडप बघितली. तिच्यावर विदमंतसच्या बैठकीचा खळगा स्पष्ट दिसत होता. मग टोपी काढून ते पेटीच्या मागच्या अंगाला गेले, खिडकीच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला, बर्फात गुडघे टेकले आणि लाकडाला कान लावला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. लोकांना वाटलं, म्हातारा निरोप घेतोय.

म्हातारा हसायला लागला.

"ग्राझे! इकडे ये. कान लाव."

ग्राझिनानं कान लावला आणि मटकन खालीच बसली. "बाबा, केवढ्या आहेत!"

"आहेत तर! सगळ्याच्या सगळ्या पोळ्यांच्या आड ह्या भिंतीला चिकटल्यात. काचेकडची अर्धी पेटी सोडून दिली आणि उरलेल्या अर्ध्या पेटीत अख्खा हिवाळा काढला. माझ्या माश्या आहेत!" सासऱ्यांची छाती ओव्हरकोटात मावेना. "वीस अंश खाली! अर्ध्या पेटीत! आहे कुणाची टाप?"

"मग तो ढीग?" विदमंतसनं विचारलं.

"दर हिवाळ्यात म्हाताऱ्या माश्या जातात, तेवढ्याच आहेत. कुणाच्याही पेटीत सापडतील."

त्याच क्षणी ढग बाजूला झाले आणि ऊन थेट पेटीच्या तोंडावर पडलं. एक माशी बाहेर आली. मग दहा. मग हजार. आता हे सांगायला पाहिजे, की मधमाशी फार स्वच्छ बाई. हिवाळाभर घरात घाण करत नाही. पाच-पाच महिने धरून ठेवते, आणि पहिल्या उन्हाला बाहेर पडून एकदाची मोकळी होते. सगळ्यांच्या काळ्या कोटांवर टपाटप पिवळे ठिपके पडायला लागले. पाद्रीबाबांच्या खांद्यांवर, टपालवाल्याच्या टोपीवर, काकूंच्या कुगेलिसवर. पण कुणी हललं नाही. सगळे वर तोंड करून हसत होते (तोंड मिटून, अर्थात). ग्राझिना रडत होती आणि त्याच वेळी नवऱ्याच्या टकलावरचे ठिपके मोजत होती.

विदमंतस सासऱ्यांसमोर जाऊन उभा राहिला. 

"बाबा... हिवाळा तर निघाला."

झेनोनसनी त्याला टकलापासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"निघाला. माझ्या हिशेबानं तुमचा ह्यात हात काही नाही. पण शब्द म्हणजे शब्द." त्यांनी जावयाला मिठी मारली, आणि नऊ माणसांच्या देखत, खणखणीत आवाजात म्हणाले, "बिचुलिस!"

विदमंतसच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. अकरा वर्षांनी! त्यानं नाक पुसलं, आणि लगेच (माणसाला तेवढ्यावर थांबता येतं का?) विचारलं, "आणि खिडकी, बाबा? खिडकीचा काहीच उपयोग झाला नाही का हो?"

सासऱ्यांनी काचेकडे नीट बघितलं. कडेच्या रबरावरून बोट फिरवलं.

"झाला ना, बिचुलिस. खिडकी नसती तर बिचाऱ्या कुठेही बसल्या असत्या. त्यांना काचेतून रोज तुझं तोंड दिसलं, म्हणून पळत पलीकडच्या भिंतीला गेल्या आणि वाचल्या."

सगळं अंगण हसलं. सगळ्यात मोठ्यानं ग्राझिना.

ह्या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. विदमंतस उतेनात ज्या ज्या घरी माप घ्यायला जातो तिथं टेप गुंडाळता गुंडाळता अजून सांगतो, "आमचे सासरे, चाळीस पेट्यांचे धनी, साधा माणूस नव्हे. ते स्वतः सगळ्या गावासमोर म्हणाले, माश्या वाचल्या त्या माझ्या खिडकीमुळे."