चाकं पाहण्याचा कार्यक्रम

अमेरिकेत, ॲन आर्बरच्या या भाड्याच्या घरात खोली घेऊन राहायला आले तेव्हा मी बॅगा खाली ठेवते न ठेवते, तोच रामटेके भाऊंनी माझा बूट तोलला. विमानाला निघताना बॅग तोलायचा हुकाचा काटा असतो ना, तो त्यांच्या खिशात कायम असतो. बुटाची नाडी हुकात अडकवून त्यांनी आकडा वाचला आणि माझ्याकडे दयेने पाहिलं. "एवढं लोढणं पायात घालून हिवाळा काढणार तू?" ही आमची ओळख.

भाऊ नागपूरचे. विद्यापीठाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत बॅटऱ्यांवर संशोधन करतात. बॅटरी भरायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची. ते मशीनच करतं, भाऊ नुसते बघतात. जीव मात्र सगळा सायकलीत. बारीक टायरची, वाकड्या हँडलची, रस्त्यावर पळवायची सायकल. तिच्या मागच्या रिमला तडा गेला. हे चाक कधीही दगा देईल, असं दुकानातल्या मेकॅनिकने बजावलं. तेव्हापासून भाऊ हलक्या चाकांच्या जोडीच्या शोधात आहेत, आणि सायकल आमच्या स्वयंपाकघरात उभी आहे. चहा करायचा तर आधी तिला वळसा घालायचा.

हलकीच का, असं विचारायची चूक मी एकदा केली. "फिरतं वजन दुप्पट लागते" हा त्यांचा सिद्धांत. सांगाड्यावरचा भार फक्त ओढायचा असतो, चाकावरचा ओढायचा आणि वर फिरवायचाही. हा नियम ते माणसांनाही लावतात. स्वतः धावपळ करून इतरांना दमवणारा प्रोफेसर म्हणजे फिरतं वजन. संघटनेच्या सभेची पत्रकं वाटून घरी आले की मीही.

कार्बनची चाकं त्यांच्या ऐपतीबाहेरची. चिमूटभर वजन उतरवून चौपट दाम उकळणं ही राजरोस लूट आहे, आणि चाकातून उतरलेला भार शेवटी कुठल्यातरी कारखान्यातल्या मजुराच्या पाठीवरच चढतो, असं मी त्यांना सुनावलं. "चढतेच," भाऊ म्हणाले, "म्हणून तर सेकंडहँड पाहतो."

तर सेकंडहँड. भाऊ जाहिराती धुंडाळतात आणि दर शनिवारी एक जोडी 'पाहायला' जातात. भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात घरच्या चिवड्याचा डबा घेऊन. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, मग तो माणूस गॅरेजच्या दारात उभा राहून पाच मिनिटांत चाकं विकून मोकळा व्हायला का बघत असेना. आधी चिवडा, मग गप्पा, मग चाकं मागवायची. चाक हातात धरून फिरवायचं, आऊट आहे का, म्हणजे डगडगतं का, पाहायचं, मधल्या हबचा आवाज कान लावून ऐकायचा, काट्याला टांगायचं. शेवटी, "कळवतो."

मुलींना असं बघायला जाण्याच्या प्रथेविरुद्ध मी कॉलेजात लेख लिहिले आहेत. भाऊंना तसं सांगितलं. "चाकाला काय वाईट वाटणार आहे?" म्हणाले. पण नकार मात्र तस्साच. एक जोडी अंगाने जड. एकीचा हब बोलका फार. एकीचा रंग लाल, आपल्या सायकलला शोभत नाही. एका नर्सबाईंकडून ते चाकांविना आले, पण तिच्या कुत्र्याच्या दातदुखीची पूर्ण हकिगत घेऊन. पुढे फोन करून कुत्र्याची चौकशीही केली.

बर्फ वितळला, रस्ते कोरडे झाले, आणि माझा संयम संपला. या शनिवारी चाकं आली नाहीत तर सायकल अंगणात विकायला ठेवीन, असं सांगून मी स्वतःच त्यांच्याबरोबर निघाले. शेजारच्या इप्सिलांटी गावच्या बसमध्ये मी रस्ताभर बोलत होते. लोकांचा वेळ खाता, ठाम होता येत नाही, निर्णय घेण्याचं भय वाटतं तुम्हाला. भाऊ गुडघ्यावरचा डबा सरळ करत राहिले.

"प्रज्ञा," ते खिडकीकडे बघत म्हणाले, "चाकं पाहायला गेलं की लोक आत बोलावतात. उगाच गेलं तर दार कोण उघडते?"

डब्याचं झाकण सैल झालं होतं, ते मी नीट बसवून दिलं.

दार वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्याने उघडलं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याची सायकल बंद होती. चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात त्याने सगळे घाट, सगळ्या शर्यती सांगितल्या. भाऊंनी नागपूरचं ऊन सांगितलं. मग चाकं आली. ॲल्युमिनियमची, स्वतः वॉल्टरने एकेक स्पोक ओवून बांधलेली. भाऊंनी फिरवली. केसभरही आऊट नव्हता. कान लावला. काट्याला टांगली, उतरवली, पुन्हा टांगली. किंमत त्यांच्या बेतापेक्षाही कमी होती.

खोट काढायला काही उरलंच नाही. भाऊंचा चेहरा इतका पडला की वॉल्टरने त्यांना पाणी हवं का विचारलं. 'कळवतो' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटलं. त्यांनी पाकीट काढलं, दोन्ही चाकांचे पैसे दिले आणि पुढचं चाक उचललं.

"मागचं पुढच्या शनिवारी नेतो," ते म्हणाले. "दोन्ही एकदम बसमध्ये न्यायला जमणार नाही."

अंगणात वॉल्टरची भलीमोठी गाडी उभी होती. त्याने गाडीकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं. खरंय, म्हणाला, बसमध्ये दोन चाकं म्हणजे कठीणच, आणि पुढच्या शनिवारी जेवायच्या वेळेलाच या.

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझे दोन्ही हात रिकामे होते. मी ते कोटाच्या खिशात घातले आणि म्हणाले, हो, जमणार नाही.