आधारच्या पाट्या आणि भागाबाईचं पीठ

"माझ्या नातीच्या लग्नात मांड्यांऐवजी पनीर शिजलं, तर मी नाव बदलीन!"

भागाबाईने हे वाक्य साखरपुड्यात माईकसमोर म्हटलं. माईक चालू आहे हे तिला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं म्हणूनच म्हटलं! समोर धुळ्याच्या विहीण कामिनीबाई बसल्या होत्या. त्यांनी केटरर, पनीर, तीन रंगांचा पुलाव असं सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं.

"अहो, पण खापरावर भाजलेले मांडे आता करतं कोण?" कामिनीबाई गोड हसून म्हणाल्या.

"मी करते. पीठ माझं, खापर माझं, हात माझे. तुम्ही फक्त तोंडं आणा!"

शेवटी तोडगा निघाला. लग्न धुळ्याला, संध्याकाळी. दुपारी बारापर्यंत भागाबाई पीठ घेऊन मांडवात हजर असेल तर मांडे. नसेल तर केटरर पनीर टाकायला मोकळा. एरंडोलहून धुळं असं काय लांब? पण हायवेचं काम चालू, त्यात ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या आणि मध्येच बसून रवंथ करणाऱ्या म्हशी! भागाबाई मात्र निवांत होती. तिच्याकडे जालीम उपाय होता.

तो उपाय म्हणजे तिच्या मुलाच्या, म्हणजे नवरीच्या बापाच्या, पाट्या.

आधार जळगावच्या एमआयडीसीतून कॉस्टिक सोड्याची पोती भरून ट्रक चालवायचा. हा सोडा पांढराशुभ्र, पण अंगावर पडला तर कातडी सोलून काढतो. म्हणून ट्रकला चारी बाजूंनी पाट्या. पाटीवर चित्र: नळीतून थेंब पडतायत आणि खाली हाताला भोक पडतंय. आधारने त्याचं खास प्रशिक्षण घेतलं होतं. तेव्हापासून तो बायकोपेक्षा पाट्यांना जास्त जपायचा. माल उतरला, ट्रक धुतला की पाट्या काढून घरी आणायचा आणि फडक्याने पुसून कपाटात ठेवायचा.

भागाबाई एकदा त्या ट्रकमधून गेली होती आणि तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. पाटी दिसली की मोटारी मागे सरतात, ओव्हरटेक करणारे घाम पुसतात! तिने उभ्या आयुष्यात दाराला लिंबू-मिरची टांगली नाही. टांगणाऱ्यांना ती तोंडावर अडाणी म्हणायची. पण पाटीवर तिची श्रद्धा बसली ती बसलीच.

"आधार, लग्नाच्या दिवशी पाट्या लाव रे."

"माय, आपण शेठचा कापसाचा ट्रक नेतोय. त्यात पीठ असणार. पिठाला कसली पाटी?"

"रस्ता मोकळा होतो."

"माल असला तर पाटी पाहिजेच. माल नसला तर पाटी नाहीच. उगाच लावली तर उद्या खऱ्या पाटीला कोण भिणार?"

"तू मला नियम शिकवतोस? तुला चालायला कोणी शिकवलं?"

आधार पाटी पुसायला लागला. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, पण माय बोलली की त्याची मान आपोआप खाली! भागाबाईने त्याचा अर्थ होकार असा घेतला नाही. पण नकार असाही घेतला नाही.

लग्नाच्या सकाळी ट्रक निघाला. मागे पिठाची पोती, पुढे आधार, शेजारी मांडीवर खापर घेऊन भागाबाई. नवरी वृषाली आणि बाकीचं वऱ्हाड मागून बसने येणार होतं. पारोळ्यापर्यंत येता येता ट्रक इतका रखडला, की एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं. वर वळून हातही केला!

"बारा वाजतील रे!" भागाबाई किंचाळली. "तिकडे पनीरची कढई तापत असेल!"

आधारने चहासाठी ट्रक थांबवला. तो टपरीवर गेला आणि भागाबाई उतरली. तिच्या पिशवीत, लुगड्याच्या घडीत, चारही पाट्या होत्या. दोन बाजूंना मागच्या चाकांजवळ, एक मागे, तारेने घट्ट! चौथी पुढे लावली असती तर आधारला दिसली असती, म्हणून ती पुन्हा पिशवीत.

आणि काय सांगावं! पुढचे काही मैल ट्रक राजासारखा चालला. पुढे घुसायला बाजूला आलेल्या मोटारी पाटी पाहून झटकन मागे, मागच्या आणखी मागे. शेजारून चाललेल्या ट्रॅक्टरवाल्याने तर ट्रॅक्टर सरळ शेतात घातला.

"आज लोक एवढे शहाणे कसे झाले?" आधार चक्रावला.

"लग्नाची गाडी ओळखतात," भागाबाई म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

तिला एवढंच दिसलं नाही, की मागची पाटी प्रत्येक खड्ड्यात हिसके खात होती. पाटीचा पत्र्याचा कोपरा ट्रकच्या मागच्या फाळक्याच्या फटीतून शेवटच्या पोत्यात घुसला, पोतं टराटरा फाटलं आणि भुरुभुरु पांढरी धार रस्त्यावर सुरू झाली. पाटीवर हाताला भोक, पाटीखाली पांढरी पावडर! मागच्या मोटारसायकलवाल्याने गाडी टाकली, तोंडाला रुमाल बांधला आणि पोलिसांना फोन लावला.

धुळ्याच्या अलीकडे रस्ता आडवा बंद. पोलीस, अग्निशमनची गाडी, भोंगा.

"ड्रायव्हर! जागेवर थांबा! पावडरला हात लावू नका!"

"साहेब, पीठ शे हो! बठ्ठं पीठ शे!" आधार हात वर करून थेट अहिराणीत ओरडला.

"मग पाटी कशाची?"

आधार मागे गेला. त्याने पाटी पाहिली. मग सावकाश मान वळवून आईकडे पाहिलं. भागाबाई दूरच्या टेकडीवरचं एक झाड फार बारकाईने पाहत होती.

"साहेब," आधार खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "पीठच आहे. पण पाटी आहे म्हटल्यावर तुम्ही पाटीवरच विश्वास ठेवा. तपासल्याशिवाय कोणाला जवळ येऊ देऊ नका."

"अरे, तू माझा मुलगा आहेस की पाटीचा?" भागाबाई कडाडली.

पोलिसांनी ट्रकभोवती लांबवर पट्टी बांधली. दोन्हीकडची वाहतूक बंद! रांग वाढत वाढत पार मागे गेली, आणि त्या रांगेत वऱ्हाडाची बसही अडकली. फोन वाजला. कामिनीबाई!

"बारा वाजून गेले. पनीर टाकायला सांगू का?"

"नवरीशिवाय लग्न लावता का तुम्ही?"

"म्हणजे?"

"नवरी माझ्या मागे अडकलीय. ती आल्याशिवाय जेवणं नाहीत. आणि मी आल्याशिवाय ती येत नाही!" भागाबाईने फोन ठेवला.

मग तिने खापर खाली ठेवलं, परात काढली, पाण्याचा कॅन उचलला आणि थेट ट्रकच्या मागे जाऊन बसली. न फाटलेल्या पोत्याचं तोंड उघडून पीठ परातीत घेतलं.

"बाई! पाणी घालू नका! सोडा असला तर उकळेल!" अग्निशमनवाला ओरडला.

"उकळू दे! बघते ना!"

"अरे, धरा तिला!" फौजदार हवालदाराला म्हणाले.

"साहेब, पट्टीच्या आत कोणी जायचं नाही, असं आपणच सांगितलंय."

फौजदारांनी स्वतःच पट्टी उचलली आणि पुन्हा खाली सोडली. शेवटी अंतराळात निघाल्यासारखे कपडे घातलेला एक गडी हळूहळू पुढे आला. तोवर भागाबाईचा गोळा मऊसूत झाला होता. तिने तो मुठीवर घेतला, या हातावरून त्या हातावर झुलवला. पारी पसरत पसरत कोपरापर्यंत आली, एवढी पातळ की पलीकडचे फौजदार दिसू लागले! अडकलेल्या गाड्यांवर चढून लोक शिट्ट्या मारायला लागले. शेकडो मोबाईल वर!

अंतराळवीराने फाटक्या पोत्यातली पावडर तपासली, इतर पोत्यांत हात घातला आणि टोपडं काढलं.

"साहेब, पीठ आहे."

"नुसतं पीठ नाही," भागाबाई म्हणाली. "दोनदा चाळलेलं आहे!"

"खोटी पाटी कोणी लावली?" फौजदारांनी वही काढली. आधारने तोंड उघडलं, पण भागाबाई आधीच पुढे झाली होती.

"भागाबाई कौतिक. नीट लिहा. मुलाचा यात काही दोष नाही, त्याला एवढी अक्कल नाही!"

मांडवात पोचेपर्यंत उन्हं कलली होती आणि केटररचं पनीर शिजून तयार होतं. तरी तिने पदर खोचला, चुली पेटवल्या आणि वृषालीचं लग्न लागेपर्यंत दुरड्या भरून मांडे रचले. पण पंगतीत कोणी हात लावेना! व्हिडिओ ट्रकच्या आधी धुळ्यात पोचला होता. हाताला भोक पडणारी पाटी सगळ्यांनी मोठी करून पाहिली होती. शेवटी पीठच निघालं, ही पुढची गंमत मात्र व्हिडिओत नव्हती.

"थोडं थांबू या," कामिनीबाई ताट मागे सारत म्हणाल्या. "आधी कोणाला काही होतं का ते पाहू."

तेवढ्यात आधारने काम आटोपून परतणाऱ्या फौजदारांना, अग्निशमनवाल्यांना आणि हवालदाराला हाताला धरून आणलं. दिवसभराचे उपाशी ते! बसले, आणि मांडे असे उडवायला लागले, की वाढपी धावून दमले. वर्दीवाले खातायत म्हटल्यावर सगळा मांडव तुटून पडला. बायका ताटं घेऊन चुलीपाशी आल्या, पोरांनी दुरड्या पळवल्या.

कामिनीबाईंनी मन घट्ट करून ताट पुढे केलं, तेव्हा दुरडीत नुसतं फडकं होतं.

"संपले हो, विहीणबाई," भागाबाई म्हणाली. "तुमच्याकडे पनीर आहे ना?"

सगळे हसले. भागाबाई ताठ मानेने मांडवामागे गेली. सकाळपासून तिच्या पोटात कपभर चहासुद्धा नव्हता आणि तिच्यासाठी एकही मांडा उरला नव्हता. केटररचा माणूस तिथेच उभा होता. त्याने न विचारता ताट वाढलं.

पनीरला मीठ कमी होतं. पण तिसऱ्यांदा वाढून घेताना भागाबाईने ते कोणालाच सांगितलं नाही.