आधी तुम्ही, मॉरीनबाई

डोव्हरच्या लॉजमधल्या खिडकीच्या काचा बाराव्या दिवशीही वाऱ्यानं खडखडत होत्या आणि क्लाइव्ह ऑर्मरॉड पुडिंगची तिसरी वाटी संपवत होता. इंग्लिश खाडी पोहून जायची तर अंगावर चरबी हवी, म्हणून त्यानं दहा किलो वजन चढवलं होतं. बर्न्ली शहरात बस चालवून उरलेला वेळ त्यानं तीन वर्षं गार पाण्याच्या टबात काढला होता. रजा रविवारी संपत होती आणि पुढचा नंबर लागणार आणखी तीन वर्षांनी. त्याला रडू येत होतं आणि भूकही लागत होती.

रोज संध्याकाळी बोटवाल्या रेज टॅप्सेलचा फोन यायचा. "उद्या नाही. वारं आहे." एवढंच. पोहणाऱ्याच्या सोबतीला जाणारी बोट एक, पोहणारे तीन आणि एका खेपेला एकच. पहिला नंबर मॉरीनबाईंचा, शाळेत स्वयंपाक करून निवृत्त झालेल्या. दुसरा क्लाइव्हचा. तिसरा बॅराक्लफचा, ज्याला 'प्लीज' म्हणताना आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

शुक्रवारी रेज म्हणाला, "उद्या पहाटे समुद्र तेलासारखा. पण एकच दिवस हां. परवापासून परत वारं. मॉरीनबाई जातील."

शनिवारी पहाटे क्लाइव्हनं बाईंची पिशवी धक्क्यापर्यंत उचलून नेली. आशा वाईट असते. पँटच्या आत त्यानं पोहायची चड्डी घातलेलीच होती. बॅराक्लफही न बोलावता आला होता.

मॉरीनबाई थबकल्या. "अरे, तुझी रजा उद्या संपते ना? मग तूच जा. मी रिकामटेकडी, येईन कधीतरी."

क्लाइव्हचं काळीज तेव्हाच फ्रान्सला पोचलं. पण कुणी काही देऊ केलं की तीनदा 'नको' म्हणायचं आणि चौथ्यांदा घ्यायचं, असं आईनं शिकवलं होतं. "छे छे! नंबर तुमचा, मॉरीनबाई."

"जा रे, लाजतोस काय!"

"नाही हो, बरं दिसत नाही."

"एकानं तरी चढा!" रेज बोटीतून ओरडला. "भरती काय तुमची वाट बघत बसणारे?"

"बघ, तोही म्हणतोय. जा बाळा."

"तुमच्याआधी मी? शक्यच नाही," असं म्हणत क्लाइव्हनं पट्ट्याला हात घातला. आता बाईंनी फक्त एकदा म्हणायचं होतं.

"तू नाही तर मीही नाही," म्हणत बाई पिशवीवर बसल्या.

"झालं का तुमचं?" बॅराक्लफ म्हणाला. "मग मी निघतो." आणि तो बोटीत चढलासुद्धा.

दिवसभर समुद्रावर सुरकुती नव्हती. दोघं बाकावर बसून बाईंचे सँडविच खात राहिले. शेवटचा एक उरला. "तू घे." "नको, तुम्ही घ्या." तो सीगल पक्ष्यानं नेला. संध्याकाळी बॅराक्लफ फ्रान्सच्या किनाऱ्याला लागल्याचं कळलं आणि रविवारी पहाटे काचा पुन्हा खडखडू लागल्या.

सोमवारी बर्न्लीत पहिल्याच थांब्यावर दोन म्हातारे बसच्या दाराशी उभे होते.

"आधी तुम्ही."

"छे, तुम्ही."

"अहो, चढा कुणीतरी!" क्लाइव्ह कळवळून ओरडला. "वारं सुटायच्या आत चढा!"

दोघांनी वर पाहिलं. लख्ख ऊन होतं, झाडाचं पानही हलत नव्हतं. पहिला म्हातारा दोन पावलं मागं सरकला आणि दुसऱ्याला हळूच म्हणाला, "या बसमध्ये तर आधी तुम्हीच."