सत्कारमूर्ती रंभाजी आणि उत्पन्नमर्यादा

माणसाने गरीब असावे की नसावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु असावयाचे ठरविल्यास ते दाखल्यानुसार असावे, असे शासनास अभिप्रेत आहे. नुसते पोट खपाटीला गेल्याने कोणी गरीब होत नाही. त्यासाठी तलाठ्याचा अहवाल, तहसीलदारांची सही आणि गोल शिक्का लागतो. (शिक्का पुसट असल्यास गरिबीही पुसट धरतात.)

एक्याण्णव सालानंतर देशात सुबत्ता येऊ लागली, असे वर्तमानपत्रांतून आम्हाला बेलापुरात कळत असे. ती श्रीरामपूरपर्यंत आली होती म्हणतात. पुढे रस्ता खराब असल्याने ती थांबली असावी. मात्र तिची पूर्वतयारी म्हणून गावात चार पतसंस्था निघाल्या आणि प्रत्येकीला पिग्मी एजंट लागू लागले. पिग्मी एजंट म्हणजे रोज संध्याकाळी दुकानोदुकानी फिरून दोन-पाच रुपये बचत गोळा करणारा इसम. शंभर रुपये गोळा केले की त्याला तीन रुपये कमिशन मिळते. त्यासाठी त्याला शंभर जणांचे "उद्या ये" ऐकावे लागते, ते संस्था फुकट देते.

रंभाजी साळवे हे सोसायटीच्या खताच्या गोदामात शिपाई होते. पगार महिना नऊशे. थोरली मुलगी दीपा बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिला नगरच्या डी.एड. कॉलेजात प्रवेश मिळण्याची चिन्हे दिसू लागली. बेलापूरहून नगरला रोज जाऊन-येऊन मास्तरीण होता येत नाही, तेव्हा वसतिगृह हवे. नगरात एका शिक्षणसंस्थेचे मुलींचे वसतिगृह होते. वर्षाचे उत्पन्न पंधरा हजारांच्या आत असलेल्या घरातल्या मुलींना तिथे राहणे, जेवणे आणि कॉलेजची फी, सगळेच माफ. रंभाजींचे वर्षाचे दहा हजार आठशे. म्हणजे रंभाजी गरिबीत मोठ्या ऐटीत बसत होते.

पण मुलगी शिकायला जाणार म्हटल्यावर तिला दोन बरे कपडे, पुस्तके, पेटी, चपला लागणार. वसतिगृह माफ असले तरी चपला माफ नसतात. म्हणून वर्षभर आधीच रंभाजींनी दुसरी नोकरी धरली. गोदाम सुटले की सायकलवर टांग टाकून पतसंस्थेची पिग्मी. दीपाच्या शिक्षणासाठी म्हणून धरलेली ही नोकरी, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे ते कोणाच्याही ध्यानात राहिले नाही.

दुसऱ्या नोकरीचे पहिले स्वागत व्यवसाय कराने केले. सोसायटीचा सचिव म्हणाला, हा माणूस आता दोन ठिकाणी कमावतो, तेव्हा कर कापला पाहिजे. पतसंस्थेचा सचिवही तेच म्हणाला. माणूस एक असल्याने एकदाच कापावा, अशी शंका रंभाजींनी काढली. त्यावर दोघा सचिवांनी एकत्र चहा पिऊन निर्णय घेतला की, कमी कापून चौकशी ओढवून घेण्यापेक्षा जास्त कापून निर्धास्त राहिलेले बरे. (चहा रंभाजींनी पाजला.)

इथपर्यंत सगळे ठीक होते. तलाठी भाऊसाहेब हे समजूतदार गृहस्थ. गावात कोण संध्याकाळी कुठे सायकल फिरवतो हे त्यांना दिसत असले, तरी दिसलेले सगळे अहवालात घ्यायचे नसते हा महसूल खात्याचा जुना मोठेपणा त्यांच्या अंगी पुरेपूर होता. दीपाचे वसतिगृह जवळपास ठरलेलेच होते. घात केला तो सत्काराने.

आमच्या भागात माणसाचा सत्कार कशावरून करावा याला बंधन नाही. बदली झाली, बदली रद्द झाली, ऑपरेशन झाले, उसाला तोड मिळाली, कशालाही शाल आणि नारळ निघतो. पतसंस्थेच्या वर्धापनदिनी चेअरमन काकासाहेबांनी रंभाजींना 'उत्कृष्ट पिग्मी एजंट' जाहीर केले. मांडव पडला. कर्णा लागला. प्रमुख पाहुणे म्हणून तलाठी भाऊसाहेबांना बोलावण्यात आले, कारण आमदार आले नाहीत. चांगुणाबाई, म्हणजे रंभाजींची बायको, नवे लुगडे नेसून पुढच्या सतरंजीवर बसली होती. आणि काकासाहेब माइकवर म्हणाले, "या आमच्या रंभाजीनं एका वर्षात पाच हजार चारशे रुपये कमिशन कमावलं! गरिबाचं पोरगं काय करू शकतं ते बघा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. भाऊसाहेबांनी सर्वांत जास्त वेळ टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांच्या फोटोसह बातमी नगरच्या एका पेपरात आली. आकडा ठळक अक्षरांत होता.

दहा हजार आठशे अधिक पाच हजार चारशे, सोळा हजार दोनशे. मर्यादा पंधरा. अशा रीतीने रंभाजी बाराशे रुपयांनी श्रीमंत झाले.

दाखल्याला गेल्यावर भाऊसाहेब खरोखर हळहळले. "रंभाजी, कर्ण्यावरून सांगितलेलं मला ऐकू आलं नाही असं कसं लिहू? फोटोत टाळ्या वाजवतोय मी." आणि त्यांनी आपल्या बावीस वर्षांच्या सेवेतला पहिला तंतोतंत खरा अहवाल लिहिला. सरकारी कामात खरेपणा क्वचित येतो, पण आला की त्याला घर बरोबर सापडते.

रंभाजींनी मग श्रीमंतीतून बाहेर पडण्याचे सर्व सनदशीर मार्ग चोखाळले. त्यांनी पिग्मी सोडण्याची तयारी दाखवली. परंतु दाखला गेल्या वर्षाच्या कमाईचा असतो आणि गेल्या वर्षाची कमाई खाऊन झाली होती. त्यांनी कमिशन परत देऊ केले. परंतु ऑडिट झाले होते. शेवटी त्यांनी सत्कार परत घ्यावा असा अर्ज केला. संस्थेने त्यावर सहानुभूतीने विचार करून शाल परत घेण्याची तयारी दाखवली. नारळाची मात्र चटणी झाली असल्याने सत्कार अंशतःच रद्द होऊ शकत होता, आणि अंशतः रद्द सत्काराची नियमात तरतूद नाही.

चांगुणाबाई दीपाला घेऊन काकासाहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली. "काकासाहेब, तुमाला कोनी सांगितलं हुतं आमचं कौतिक करायला? आमची पोर शिकायची थांबली ना!"

काकासाहेब मोठ्या मनाचे. रागावले नाहीत. त्यांनी तिला अर्थशास्त्र समजावले. ते स्वतः पतसंस्थेचे चेअरमन, साखर कारखान्याचे संचालक, दोन शिक्षणसंस्थांचे विश्वस्त आणि एका दूध संघाचे मार्गदर्शक. पण यातली एकही नोकरी नाही. सगळी पदे मानद. जीप संस्थेची, बंगला आईचा, ट्रक बायकोच्या भावाचा आणि बागायत करमुक्त. दाखल्यावर त्यांचे उत्पन्न रंभाजींच्या पगारापेक्षा कमी भरते. "बाई, तुमच्या मालकानं चूक काय केली, तर नोकरी केली," काकासाहेब म्हणाले. "एक केली तिथवर ठीक. दुसरी कशाला? दुसरं पद घ्यायचं!"

आणि तोडगाही त्यांनीच काढला. दाखल्यात आईबापाचे उत्पन्न धरतात, मुलीचे नाही. तेव्हा पिग्मीची एजन्सी दीपाच्या नावावर करावी. म्हणजे पुढच्या वर्षी रंभाजी पुन्हा दहा हजार आठशेवर येतील, बाकायदा गरीब होतील, आणि दीपा वसतिगृहाला पात्र ठरेल.

तोडगा बिनचूक होता. दीपाने एकच गोष्ट विचारली. "मी नगरला गेल्यावर हितं पिग्मी कोन गोळा करनार?"

"तुझा बाप करील की," काकासाहेब म्हणाले.

"मंग दादांचं उत्पन्न पुन्हा वाढनार न्हाई का?"

"वाढणारच. जो गोळा करील त्याच्याच नावावर कमिशन पडतं. मग तुझं वसतिगृह जाणार. म्हणून तू जायचं नाही. तू इथं राहायचं, म्हणजे पात्र राहशील."

मी तेव्हा चहासाठी तिथेच बसलो होतो. त्या पोरीकडे न पाहता मी चहा संपवला, हे मी सरळच सांगतो. तर्कात खोट काढता आली नाही.

या योजनेची अंमलबजावणी उत्तम चालू आहे. दीपा रोज संध्याकाळी वडिलांची सायकल घेऊन पेठेत निघते. साळवे कुटुंब गेली दोन वर्षे सर्व सवलतींना संपूर्ण पात्र असून त्यांनी एकही सवलत घेतलेली नाही. शासनाचा खर्च वाचतो, गरिबी कायम राहते आणि दाखला दरवर्षी एका फेरीत मिळतो. पुस्तकांची पेटी चांगुणाबाईने ज्वारी ठेवायला काढली आहे. गेल्या वर्धापनदिनी दीपाचाही सत्कार ठरला होता. तिने हात जोडून नको म्हटले. संस्थेने तिच्या विनयाची नोंद घेतली.

राहिली वसतिगृहातली त्या वर्षीची रिकामी जागा. ती प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला नियमानुसार मिळाली. तिच्या वडिलांचा दाखला अकरा हजारांचा होता. पेठेतले दुकान आजीच्या नावावर, टेम्पो मेहुण्याच्या नावावर आणि शिक्का अगदी स्पष्ट. त्या वडिलांचे नाव मी इथे लिहीत नाही. वाचक महाशय, मुलीच्या प्रवेशाचे म्हणून तुम्ही दिलेले पेढे ताजे होते. तिला तिथले जेवण मानवले, यंदा ती शिक्षिका होऊन बाहेर पडेल, हे ऐकून आनंद वाटला.

तेवढे एक करा. संध्याकाळी दीपा तुमच्या दुकानाच्या पायरीशी सायकल लावील, तेव्हा गल्ल्यातून पाच रुपये काढून तिच्या हातावर ठेवत जा. "उद्या ये" म्हणून तिला परत पाठवू नका. ती उद्या येईलच. तिला दुसरीकडे कुठे जायचे नाही.