नॉर्वेला गेलेलं जोडपं

"शिंकलास तर घटस्फोट देईन," एर्सीलिया कुजबुजली.

एजिस्तोने नाक घट्ट दाबलं. नवरा-बायको दोघंही स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच कपाटात, हिवाळी कोट आणि डांबरगोळ्यांच्या गर्दीत अंग चोरून उभी होती. बाहेर शेजारीण नॉर्मा गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायला आली होती. कुंड्या कधीच भिजल्या होत्या. आता तिने फ्रिज उघडून आतला ऐवज तपासला, एर्सीलियाने घरी घातलेलं अक्रोडाचं मद्य चाखलं, "साखर कमी पडलीय," असा निकाल दिला आणि आरामखुर्चीत ऐसपैस बसून बहिणीला फोन लावला.

या सगळ्याचं मूळ एजिस्तोच्या आळसात होतं. नॉर्वेची तिकिटं काढायचं काम त्याच्याकडे होतं आणि "उद्या काढतो" म्हणता म्हणता जुलै संपला, तिकिटंही संपली. तोवर एर्सीलिया पार्लरमध्ये नॉर्वेबद्दल बोलून बसली होती. इटलीतल्या आमच्या लुक्का गावात पार्लरमध्ये बोलणं म्हणजे चर्चची घंटा वाजवणं, फरक इतकाच की घंटा कधीतरी थांबते. आणि ऑगस्टमध्ये जो गावात उरतो, त्याच्याकडे लोक दवाखान्यात पडलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहतात.

एर्सीलियाला माघार घेणं तर शक्यच नव्हतं. गेल्या ऑगस्टमध्ये सेशेल्सला गेलेल्या झाइराबाई बंद खिडकीच्या फटीतून टीव्ही बघताना दिसल्या होत्या, त्या एर्सीलियालाच. तिने ही बातमी गावाच्या तटबंदीच्या आतल्या घराघरात जातीने पोचवली. तेव्हापासून झाइराबाई रविवारी दुसऱ्याच चर्चमध्ये जातात. आपण सापडलो तर आपल्याला अख्ख्या गावात एकही चर्च उरणार नाही, हे एर्सीलिया पक्कं ओळखून होती.

म्हणून खिडक्या बंद, टीव्ही मुका, कांदा परतायला बंदी. संडासची साखळी ओढायची तीसुद्धा सान मिकेले चर्चची घंटा वाजत असताना. नॉर्माला किल्ली दिली होती, कारण खरोखर गावाला जाणारी माणसं शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन जातात.

"गच्ची छान मोठी आहे गं," नॉर्मा फोनवर सांगत होती. "उद्यापासून रोज माणसं आणते. सकाळी येऊ, संध्याकाळी उठू. विचारणार कोण? दोघं बसलेत तिकडे बर्फ चघळत!"

ती गेल्यावर कपाट उघडलं. एजिस्तो आधी पोटभर शिंकला.

"उद्या दिवसभर कपाटात उभं राहणं मला जमायचं नाही," तो म्हणाला. "माझे गुडघे बघ."

"मग बाहेर जाऊ."

"बाहेर? सगळा गाव ओळखतो आपल्याला!"

"गाव तुला ओळखतो. परदेशी प्रवाशाच्या तोंडाकडे कधी बघितलंयस तू?"

एजिस्तोने आठवून पाहिलं. खरंच नव्हतं बघितलं. प्रवासी म्हटलं की त्याला फक्त पाय आठवत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच दोघं जिना उतरली. एजिस्तोने अर्धी चड्डी घातली होती, सँडल घातले होते आणि सँडलच्या आत पांढरे मोजे. मोजे चढवताना त्याचे डोळे भरून आले होते. तो विमा विकणारा माणूस. त्याच्या बापाने कधी कोट घातल्याशिवाय ब्रेडसुद्धा आणला नव्हता. एर्सीलियाने सुपाएवढी गवताची टोपी घातली, काळा चष्मा लावला आणि हातात नकाशा उलटा धरला.

आणि चमत्कार झाला. केमिस्ट शेजारून गेला, त्याला ही दोघं दिसलीच नाहीत. पाद्रीबाबांनी "बाजूला व्हा" म्हणून हाताने झाडलं. एजिस्तोची सख्खी मावसबहीण त्याला धक्का मारून गेली, आणि जाता जाता "ही जनावरं कुठून येतात कोण जाणे," असंही म्हणाली.

"लग्नात हिला चांदीचे चमचे दिले होते आपण," एजिस्तो म्हणाला.

"हळू बोल. आणि हस. प्रवासी उगाचच हसतात."

चालणार तरी किती? तटबंदीवरच्या झाडांखालून चालून झालं, लंबगोल चौकाला फेऱ्या मारून झाल्या, जी चर्चं बाहेरून पाहण्यात जन्म गेला होता ती आतून पाहून झाली. शेवटी ग्विनिजी मनोऱ्यावर चढायचं ठरलं. या मनोऱ्याच्या सावलीत एजिस्तो लहानाचा मोठा झाला होता, पण वर कधी गेला नव्हता. आमच्यात कुणीच जात नाही. ते काम आम्ही परदेशी लोकांवर सोपवलंय. वर, मनोऱ्याच्या माथ्यावरच, ओकची झाडं आहेत. त्यांना टेकून तो धापा टाकत होता, तेवढ्यात एर्सीलियाने त्याचा दंड पकडला.

"एजिस्तो. ती आपली गच्ची ना?"

ती त्यांचीच गच्ची होती. त्यांच्याच टेबलावर त्यांचाच पाहुण्यांसाठी राखलेला टेबलक्लॉथ होता, भोवती भाजून लाल झालेल्या मानेची चार परदेशी माणसं बसली होती, आणि नॉर्मा एप्रन बांधून सूप वाढत होती.

"माझ्या आजीचं भांडं!" एर्सीलिया म्हणाली. "ते मी बिशपसाहेब आले तेव्हासुद्धा काढलं नव्हतं! खानावळ काढलीय मेलीने! चल, झिंज्याच उपटते तिच्या!"

"कशी उपटणार? तू नॉर्वेत आहेस."

एर्सीलियाने कठडा घट्ट धरला. तिचा हात घरापर्यंत पोचत नव्हता आणि तोंड तर तिने स्वतःच बंद करून ठेवलं होतं.

भूक मात्र नॉर्वेला गेलेली नव्हती. दोघं ओरेस्तेच्या खानावळीत शिरली. ओरेस्ते हा एजिस्तोचा पत्त्यांतला जुना भिडू. त्याने मोज्यांकडे पाहिलं, दोघांना संडासच्या दाराशी बसवलं आणि आत ओरडला, "कालचे तोर्देल्ली गरम कर! मोजेवाले आलेत दोन!"

तोर्देल्ली आले. करंजीसारख्या त्या पास्त्यातलं मांसाचं सारण आंबायच्या बेतात होतं. गेल्याच महिन्यात पत्ते पिसताना एजिस्तोने ओरेस्तेला स्वतः सल्ला दिला होता, "परदेशी माणसाला काय कळतंय? वाफ दिसली की ताजं." आता त्या सल्ल्याची वाफ त्याच्या नाकात जात होती.

"खा," एर्सीलिया दात न उघडता म्हणाली. "आणि अंगठा दाखव."

एजिस्तोने अंगठा दाखवला. ओरेस्ते खुश झाला आणि त्याने आणखी दोन आणून वाढले.

ऊन उतरल्यावर, नॉर्मा घरी गेली असेल या हिशेबाने, पायांना फोड आलेली ही जोडी आपल्या गल्लीत शिरली. नॉर्मा गेली नव्हती. ती त्यांच्याच दारात किल्ल्या खुळखुळवत उभी होती. नकाशा आणि मोजे दिसताच तिचा चेहरा उजळला.

"खोली? खोली पाहिजे? सुंदर घर! गच्ची! मालक नाही! या, या!"

पळायला पाय उरले नव्हते. नॉर्माने दोघांना जवळजवळ ढकलतच जिना चढवला.

"कुठले तुम्ही?"

एजिस्तोच्या जिभेवर महिनाभर एकच देश बसला होता. "नॉर्वे," तो बोलून गेला. एर्सीलियाने त्याच्या फोडावर पाय दिला.

"बघा देवाची करणी!" नॉर्माने टाळी वाजवली. "घरमालक तुमच्याकडेच गेलेत! ते तिकडे तुमचे रस्ते झिजवतायत, तुम्ही इकडे आमचे."

मग तिने घर दाखवलं. बैठकीत आल्यावर म्हणाली, "पडद्यांकडे बघू नका. मालकिणीची आवड. हात सढळ, नजर नाही." स्वयंपाकघरात म्हणाली, "स्वयंपाक तिला येत नाही, पण भांडी चांगली आहेत. मालक बिचारा गरीब माणूस. तोंड फक्त जेवायला उघडतो, तेही विचारून." एजिस्तोने मान जरा जास्तच हलवली. शेवटी झोपायची खोली. "पलंग नव्यासारखा आहे. वापरच नाही फारसा."

एर्सीलियाच्या ओठांपर्यंत लुक्काची सगळी अस्सल भाषा आली. पण खिडकी उघडी होती, खाली गल्लीत खुर्च्या टाकून बायका बसल्या होत्या, आणि मधल्या खुर्चीत पार्लरवाली होती. एक शब्द तोंडून निघाला असता तर उद्या दुपारपर्यंत झाइराबाईंनाही घरपोच मिळाला असता. तिने तो गिळला. तोर्देल्लीपेक्षा जड गेला.

"घेऊन टाकू," एजिस्तो तिच्या कानात कुजबुजला. "भाडेकरू झालो की खिडक्या उघडता येतील. कांदा परतता येईल. चोरासारखं राहण्यापेक्षा बरं."

"माझ्या घरात? भाड्याने?"

"पलंग नव्यासारखा आहे म्हणतेय."

"आगाऊ द्यायचं हं," नॉर्मा म्हणाली. "पूर्ण महिन्याचं. रोख."

एजिस्तोने पाकीट काढलं. नॉर्माने नोटा एप्रनच्या खिशात घातल्या, एर्सीलियाच्या हातात तिच्याच घराची किल्ली ठेवली आणि दारापर्यंत गेली. तिथे वळून ती फार प्रेमाने हसली.

"एक राहिलंच. मालकीणबाई सप्टेंबरात नॉर्वेहून परत येतील. रस्त्यात दिसल्या तर तुम्ही त्यांना ओळख दाखवू नका." मग आवाज खाली आणून, गल्लीतल्या बायकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "मीही दाखवणार नाही."

एजिस्तोचा हात पाकिटातच राहिला. एर्सीलियाने नॉर्माकडे पाहिलं, उघड्या खिडकीकडे पाहिलं, टोपी सरळ केली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घर... फार सुंदर. आम्ही येणार. पुढचा वर्ष पण."