बारा अंशांवरची बाटली

आइस वाइन या विषयावर बुलढाणा जिल्ह्यात आजमितीला एकच अधिकारी पुरुष आहे : आमचे शेजारी, चिखलीचे सुखदेव सर. आता आतापर्यंत त्यांनी ती चाखलेली नव्हती, एवढीच काय ती त्यांच्या अभ्यासातली उणीव.

उणीव समजण्यासारखी होती. सर शाळेत शेतीशास्त्र शिकवायचे आणि दरवर्षी दहावीच्या मुलांना हात पुढे करायला लावून दारू न पिण्याची शपथ द्यायचे. चिखलीचा अर्धा बाजार त्यांच्यापुढे शपथ घेऊन बसलेला आहे. ती कोणी पाळली हे सरांनी कधी विचारलं नाही. स्वतः मात्र पाळली. आणि त्यांचीच मुलगी अश्विनी कॅनडात, द्राक्षांच्या मळ्यावर वाइन करायला लागली.

गावाने बोलायचं ते बोलून घेतलं. पोरगी तिकडे गाळून राह्यली म्हणे, असं एका जुन्या विद्यार्थ्याने बाजारात विचारलं. सर शांतपणे म्हणाले, "गाळत नाही बे, पिळते. आधी फरक समजून घे." आणि तिथेच, कांद्याच्या ढिगाशेजारी, त्याला अर्धा तास फरक समजावला.

ते व्याख्यान आमच्या गल्लीला पाठ आहे. द्राक्षं पिकली तरी तोडायची नाहीत, कडाक्याच्या थंडीपर्यंत वेलीवरच ठेवायची. उणे आठ अंशांवर ती गोट्यांसारखी झाली की तोडायची आणि गोठलेलीच पिळायची. "बर्फाचा गोळा चोखतो ना तू? रंग-साखर आधी तोंडात येते, पांढरा बर्फ मांगं राह्यते. तेच हे. पाणी मांगं, गोडवा पुढं." मग डोळे मिटून चवीचं वर्णन : आधी मध, मग जर्दाळू, शेवटी आंबट. तुम्हाला कसं माहीत, असं कोणी विचारलं की सर म्हणत, "लेकीनं सांगतलं." पुरावा संपला.

चार वर्षांपूर्वी अश्विनी आली तेव्हा तिने एक बाटली आणली. केसांच्या तेलाच्या बाटलीसारखी सडपातळ. तिच्या एकटीच्या हातची पहिली. ही आडवी ठेवायची, अंधारात, बारा अंशांवर, तापमान वरखाली न होऊ देता. आता चिखलीत मे महिन्यात बारा अंश कुठून आणायचे? सरांनी फ्रिज दुरुस्त करणाऱ्या रशीदभाईंना बोलावून घरचा धडधाकट फ्रिज कमी थंड करून मागितला. रशीदभाई म्हणाले, "सर, लोग बिघडलेला फ्रिज घेऊन येतात. चांगला बिघडवा म्हणणारे तुम्ही पहिलेच." पण त्यांनीही शपथ सरांपुढेच घेतलेली. बिघडवून दिला.

बाटली सुखात राहिली, दूध नासायला लागलं. तेव्हापासून सरांच्या पत्नी मालतीकाकूंचं दूध आमच्या फ्रिजमध्ये असतं. पातेलं ठेवायला येताना काकू बाटलीचा उल्लेख 'माझी सवत' असा करत.

दर रविवारी संध्याकाळी अश्विनीचा फोन यायचा आणि शेवटी एकच प्रश्न असायचा : "बाबा, चाखली का?" सर तिला तापमान सांगायचे. बारा. पुढल्या रविवारी पुन्हा बारा. अशी चार वर्षं गेली. मग एका रविवारी तिने विचारलंच नाही. हवापाणी बोलली आणि फोन ठेवला.

तो आठवडाभर सर फ्रिजमधला थर्मामीटर बघायलाही उठले नाहीत, असं काकूंनी सांगितलं.

पुढच्या रविवारी त्यांनी रशीदभाई धरून आम्हा आठ जणांना घरी बोलावलं. रशीदभाईंनी स्क्रू आणि पक्कड लावून बूच काढलं, हुंगलं, आणि माझा वाटा एवढाच, म्हणून बाजूला बसले. सरांनी देवघरातून चांदीची पळी आणली. अश्विनीचा व्हिडिओ फोन लागला होता; तो गव्हाच्या डब्याला टेकवून ठेवला.

"सर, शपथ?" कोणीतरी हळूच म्हणालं.

"गिलासात घेतली तं दारू," सर म्हणाले. "हातावर घेतलं तं तीर्थ."

उजव्या तळहातावर त्यांनी पळीभर घेतली आणि प्यायले. फोनमधून "बाबा?" असं आलं.

सर वर्गातल्या आवाजात म्हणाले, "गोड कोणीही करन. तू आंबटपणा टिकवला. ते कठीण असते, बेटा."

त्यांनी ओला हात तीर्थ घेतल्यासारखा डोक्यावरून फिरवला. काकूंनी घेतली, त्यांनीही फिरवला. मग आम्ही एकेकाने पळीभर घेतली आणि हात डोक्यावरून फिरवला. फोनच्या पडद्यावर अश्विनी दिसत नव्हती, नुसतं तिच्या घराचं छत दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत नऊ उशा उन्हात टाकलेल्या होत्या. सगळ्यांना मुंग्या लागल्या होत्या.